रस्त्याकडेची अनोळखी फळझाडे

फळझाड फळावरून ओळखावे, असे वाटणे साहजिक आहे. पण बहुतेक झाडांवर ओळखण्याजोगे फळ वर्षातून जेमतेम एक-दोन महिने असते. उरलेला काळ तेच झाड नुसते हिरवे झाड म्हणून उभे असते आणि माणसे त्याच्याखालून बिनघोर जात-येत राहतात. आंबा बारा महिने ओळखू येतो, कारण त्याचे पान, त्याची साल, फांद्यांचा घुमट लहानपणापासून डोळ्यांत बसलेला असतो. मुंबईच्या राणीच्या बागेतली गोरखचिंच, कोकणातल्या जुन्या आवारातला नीरफणस किंवा गावदेवीच्या देवळामागची खिरणी यांच्याशी शहरातल्या माणसाची तेवढी घसट उरलेली नाही. ही झाडे ओळखायची तर फळ सर्वांत शेवटी पाहावे. आधी पान, मग चीक, मग फूल-फळ झाडाच्या कोणत्या भागाला लागते ते पाहावे. फळाने त्या ओळखीवर शिक्कामोर्तब करावे, एवढेच.

ही झाडे सार्वजनिक जागी आली कशी, हे कळले की पुष्कळदा ओळखीचा अर्धा रस्ता सरतो. पश्चिम किनाऱ्यावर परदेशी फळझाडे पोर्तुगीजांच्या काळात मोठ्या संख्येने उतरली. काजू, पेरू, अननस ही त्यांतली इतकी रुळली, की आज त्यांना परके म्हणायला जीभ धजत नाही. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली छापलेल्या ग्रंथात इथल्या औषधी वनस्पतींबरोबर फळांचीही दखल घेतली आहे. फणस, आंबा, करंबोळा यांची वर्णने त्यात आहेत. मुंबई बेट काही काळ याच ओर्ताकडे खंडाने होते. पुढे इंग्रजी अमलात बागा उभारणाऱ्या संस्था निघाल्या. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेची बाग आधी शिवडीला होती. ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली आणि भायखळ्याला नवी बाग आकाराला येऊन १८६२ मध्ये खुली झाली. तीच व्हिक्टोरिया गार्डन, लोकांच्या तोंडी राणीची बाग, आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पुण्याची एम्प्रेस गार्डन आणि १८७३ मधली गणेशखिंड बाग याच काळातल्या. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, मलाया इथून मागवलेली झाडे अशा बागांत लावून पाहिली जात, आणि तिथून त्यांची रोपे कलेक्टरच्या बंगल्यात, रेल्वेच्या वसाहतीत, कॉलेजच्या आवारात जात. म्हणून दीड-दोनशे वर्षांच्या सरकारी आवारात अनोळखी झाड दिसले, तर ते परदेशी असण्याची शक्यता आधी तपासावी. उलट गावठाणातले, देवराईतले किंवा जुन्या तळ्याकाठचे झाड देशी असून केवळ विस्मरणात गेलेले असू शकते. पश्चिम घाटातले झाड शहरातल्या माणसाला ब्राझीलच्या झाडाइतकेच दुर्मीळ वाटते, ही खेदाची पण खरी गोष्ट आहे.

ओळख पानापासून सुरू होते. पहिला प्रश्न असा की पाने फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक. दुसरा, पान साधे आहे की अनेक पर्णिकांचे मिळून झालेले. इथे हमखास फसायला होते. खात्रीची खूण म्हणजे डोळा: पानाच्या देठाच्या बगलेत कोवळा डोळा असतो, पर्णिकेच्या बगलेत नसतो. रायआवळ्याची डहाळी दुरून कडुनिंबासारखी संयुक्त पानाची वाटते. जवळून पाहिली तर प्रत्येक पान स्वतंत्र असते. तिसरी परीक्षा हातांची. पान चुरगळून वास घ्यावा. लिंबू-संत्र्याच्या कुळातले पान उजेडासमोर धरले तर त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात आणि चुरगळल्यावर ओळखीचा उग्र सुवास येतो. जांभळाच्या कुळातल्या पानालाही वास असतो. शिवाय त्याच्या कडेशी, काठापासून किंचित आत, एक बारीक शीर सगळ्या पानाभोवती काठाकाठाने धावते. सीताफळाच्या पानाचा वास एकदा घेतला की विसरत नाही.

मग चीक. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर झाड तीन मोठ्या कुळांपैकी एखाद्यातले असण्याचा संभव मोठा: फणस-वड-उंबराचे कूळ, चिकू-खिरणी-बकुळीचे कूळ, किंवा कण्हेर-चाफ्याचे कूळ. पहिल्या दोन कुळांत खाण्याजोगी फळे पुष्कळ आहेत, तिसऱ्यात जहाल विषारी झाडे आहेत. करवंद हा त्यातला सुखद अपवाद. चीक पिवळसर आणि पाने समोरासमोर असतील तर कोकमाच्या गोताकडे वळावे. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि जिभेला लावून पाहण्याचा मोह तर मुळीच धरू नये.

शेवटची खूण डोळे वर न करताही मिळते. फूल-फळ कोवळ्या फांदीच्या टोकाला आहे, जुन्या फांदीवर आहे, की थेट खोडावर? उष्ण कटिबंधातल्या कितीतरी झाडांना खोडावरच कळ्या फुटतात. फणस आणि उंबर ही घरची उदाहरणे. बिलिंबी, कोको, कैलाशपती, ब्राझीलची जाबुतिकाबा ही बाहेरची. जड फळ बारीक डहाळीला पेलवत नाही, आणि दाट जंगलात खोडाशी वावरणाऱ्या प्राण्यांना व कीटकांना खोडावरचे फूल सहज गाठता येते, अशी या ठेवणीची कारणे दिली जातात. ओळखणाऱ्याच्या दृष्टीने तिचा फायदा असा की फळ उतरून गेल्यावरही खोडावर जुन्या देठांच्या गाठी राहतात.

नावे मात्र जपून वापरावी लागतात. करमळ या एका नावाने किती घोटाळा होतो, हे पाहण्यासारखे आहे. सह्याद्रीच्या जंगलात करमळ नावाचा वृक्ष आहे, डिलेनिया पेंटागायना. उन्हाळ्यात निष्पर्ण फांद्यांवर त्याला पिवळी फुले येतात आणि मग लहान फळे धरतात. त्याचाच भाऊबंद मोठा करमळ, डिलेनिया इंडिका, बागांत आणि क्वचित रस्त्याकडेला लावलेला दिसतो. त्याचे पान हातभर लांब, करवतीसारख्या दात्यांचे, आणि शिरा इतक्या समांतर व खोल की पान इस्त्रीच्या घड्या घातल्यासारखे दिसते. पांढरे फूल वीतभर रुंद असते. फूल झडल्यावर बाहेरची निदले मांसल होऊन आतल्या फळावर मिटतात. कोबीच्या गड्ड्यासारखे दिसणारे हिरवे फळ म्हणजे ही मिटलेली निदलेच. आसामात त्याला औटेंगा म्हणतात आणि माशाच्या आंबट कालवणात घालतात. हत्तींनाही ते प्रिय आहे.

गोव्यात आणि कोकणात करमल किंवा करमर म्हटले की मात्र वेगळेच झाड डोळ्यांपुढे येते: आडवे कापल्यावर पाच टोकांची चांदणी दिसणारे करंबोळा, म्हणजे अ‍ॅव्हेरोआ करंबोला. या झाडाची पाने संयुक्त, पर्णिका पाच ते अकरा, आणि संध्याकाळ झाली की त्या खाली मिटतात. फुले बारीक, गुलाबी-जांभळी. त्याची सख्खी बहीण बिलिंबी फळ नसतानाही वेगळी काढता येते. तिच्या एका पानाला वीस-तीस पर्णिका असतात, पाने फांद्यांच्या टोकांना झुबक्याने येतात आणि गडद तांबडी फुले सरळ खोडावर लगडतात. बोटभर लांबीची हिरवी आंबट फळे लोणच्यात आणि माशाच्या आमटीत जातात. या दोन्ही फळांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी करंबोळा अजिबात खाऊ नये. त्यातले एक द्रव्य निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकते, पण दुबळ्या मूत्रपिंडाला ते जमत नाही आणि मेंदूवर परिणाम होऊन झटके येतात. बिलिंबीचा रस मोठ्या प्रमाणात प्यायल्याने मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे केरळात नोंदली गेली आहेत. चटणीपुरती बिलिंबी ठीक, औषध म्हणून पेलाभर रस नको.

गोरखचिंच ओळखायला सर्वांत सोपी, असे म्हणतात, आणि वयात आलेल्या झाडाबाबत ते खरेही आहे. हत्तीच्या पायासारखे फुगलेले राखाडी खोड, त्यामानाने आखूड फांद्या आणि उन्हाळ्यात पूर्ण निष्पर्ण. उलटे रोवलेले झाड, असे तिचे वर्णन आफ्रिकेत करतात. ती मूळची तिथलीच. अरब व्यापारी आणि पुढे पोर्तुगीज यांच्याबरोबर ती भारतात आली, असे मानले जाते. गोरखनाथांनी शिष्यांना या झाडाखाली उपदेश केला, असे सांगतात आणि नावाचा उगम तिथे शोधतात. मुंबईत अशी झाडे अजून आहेत. मध्य प्रदेशात मांडूच्या गडावर तर ती पुष्कळ आहेत, आणि तिची फळे ‘मांडू की इमली’ म्हणून पर्यटकांना विकली जातात. हैदराबादला गोवळकोंड्याजवळचे ‘हातियों का झाड’ हे याच जातीचे महाकाय झाड आहे.

घोटाळा होतो तो तरुण झाडाबाबत. गोरखचिंचेचे पान पंज्यासारखे, पाच ते सात पर्णिकांचे. काटेसावरीचेही तसेच, पांढऱ्या सावरीचेही तसेच. तिन्ही एकाच मोठ्या कुळातली आहेत. रोपटे असताना गोरखचिंचेला सुरुवातीला साधी, एकपदरी पाने येतात, त्यामुळे रोपवाटिकेतही चूक होते. सावरीच्या कोवळ्या खोडावर शंकूसारखे काटे असतात आणि फांद्या खोडाभोवती मजल्यामजल्याने आडव्या पसरतात. गोरखचिंचेला काटे नसतात, तिची साल गुळगुळीत व थोडी चमकदार असते. फुलांत तर साम्यच नाही. काटेसावर फेब्रुवारीच्या सुमाराला पानांशिवाय लाल फुलते, तर गोरखचिंचेचे मोठे पांढरे फूल पावसाळ्याच्या तोंडाशी, पाने असताना, लांब देठावर उलटे लोंबते. ते दिवेलागणीला उमलते, वटवाघळे परागीकरणासाठी येतात आणि दुसऱ्या दिवशी मलूल होऊन गळते. सकाळी झाडाखाली पडलेली, मध्ये पुंकेसरांचा गोंडा असलेली पिवळसर पांढरी फुले ही तिची पक्की खूण. फळ लांबट, टणक कवचाचे, वर मखमली लव असलेले. पाने झडल्यावर ते दोरीला टांगल्यासारखे दिसू लागते. कवच फोडले की आत ओलसर गर नसतोच. कोरडा, पिठूळ, पांढरट आणि चिंचेसारखा आंबट गर बियांभोवती असतो. तो पाण्यात कालवून सरबत करतात.

या झाडाचे वय खोडाच्या घेरावरून सांगण्याची फार हौस असते. त्यात दम नाही. पाण्याच्या साठ्याप्रमाणे खोड फुगते आणि आकसते, आतून पोकळ होते, वाढीची वलये भरवशाची नसतात. त्यामुळे ‘हजार वर्षांचे झाड’ अशी पाटी दिसली तर तिच्यामागे किरणोत्सारी कार्बनची चाचणी आहे का, हे विचारावे.

नीरफणसाची गोष्ट वेगळी आहे. ते झाड कोकण-गोव्यात घरोघरी माहीत असले, तरी घाटावरच्या माणसाला ते पाहून कोड्यात पडायला होते. पान हातभर लांब, चकचकीत हिरवे, आणि दोन्ही बाजूंनी खोल कापलेले, पपईच्या पानाची आठवण व्हावी असे. फणसाचे पान साधे, लंबगोल, चिवट. पण फणसाच्या कोवळ्या रोपाची पानेही कधी कधी कापलेली असतात, एवढे ध्यानात ठेवावे. दोघांनाही पांढरा चीक येतो. नीरफणसाचे फळ खोडावर लागत नाही, फांद्यांच्या टोकाकडे पानांच्या झुबक्यात लागते. ते नारळाएवढे, साल खडबडीत षट्कोनी चौकटींची, आणि आत बी नाही. नरफुलांचा कणसासारखा मऊ सोटा झाडाखाली गळून पडलेला असतो. फळ नसलेल्या दिवसांत मोठी कापलेली पाने आणि हा सोटा एवढ्यावर ओळख पक्की करता येते. जून पण न पिकलेल्या नीरफणसाची कापे मसाला चोळून, रव्यात घोळवून तव्यावर परतली की सुरमईची आठवण विसरावी, असे कोकणात म्हणणारे भेटतात आणि त्यांचे फारसे चुकत नाही.

बी नसल्यामुळे या झाडाचे पसरणे पूर्णपणे माणसाच्या हाती राहिले. मुळांवरचे फुटवे काढून किंवा गुटी बांधूनच नवे झाड होते. मूळ न्यू गिनी आणि पॅसिफिकच्या बेटांवरचे. ताहितीहून त्याची रोपे वेस्ट इंडीजला नेण्यासाठी इंग्रजांनी विल्यम ब्लाय याच्या हाताखाली ‘बाउंटी’ जहाज धाडले. वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना स्वस्त अन्न मिळावे, हा त्यामागचा हेतू. १७८९ मध्ये जहाजावर बंड झाले, ब्लायला होडीत सोडून देण्यात आले आणि हजारावर रोपे समुद्रात फेकली गेली. दुसऱ्या फेरीत, १७९३ साली, त्याने ती पोहोचवली. सार्वजनिक जागेतले नीरफणसाचे झाड म्हणजे असे हाताहाती आलेले झाड. ते तुटले तर बी पडून उगवायची आशा नाही.

देशी झाडांत खिरणीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. रांजणी, रायणी अशीही तिची नावे आहेत, आणि चिकूशी तिचे जवळचे नाते आहे. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. त्याचे कलम भारतात खिरणीच्या खुंटावर बांधतात. डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्यासारख्या कलमी चिकूचे पाय पुष्कळदा असे देशी खिरणीचे असतात. झाड अतिशय सावकाश वाढते, लाकूड लोखंडासारखे. पान जाड, चामड्यासारखे, वरून काळपट हिरवे, फांदीच्या टोकाशी दाटीने येणारे. पानाचे टोक निमुळते नसते, तिथे उलट एक छोटी खाच असते. बकुळीपासून ती वेगळी काढायला हीच खूण पुरते, कारण बकुळीचे पान टोकदार आणि कडेला लहरी असलेले. देठ मोडले तर दोन्हीत चीक निघतो. खिरणीची फळे कडुनिंबाच्या निंबोळीपेक्षा थोडी मोठी, पिवळी, एप्रिल ते जूनमध्ये पिकणारी. ती फार गोड असतात. खाल्ल्यावर ओठ चिकटतात. एकेकाळी गावोगाव शाळेच्या वाटेवर मिळणारे हे फळ आता शहरातल्या मुलांनी पाहिलेलेही नसते. झाड तोडायला एक दिवस लागतो आणि तेवढे वाढायला माणसाची दोन आयुष्ये, त्यामुळे जिथे जुनी खिरणी दिसेल तिथे तिची नोंद व्हायलाच हवी. याच कुळातले परदेशी स्टार अ‍ॅपल एखाद्या जुन्या बागेत दिसले, तर पान उलटून पाहावे. वरून हिरवे आणि खालून तांब्याच्या झळाळीचे, रेशमी लव असलेले असे पान दुसऱ्या फळझाडांत सहसा आढळत नाही.

टणक कवचाची गोल फळे लागणारी चार झाडे बागांत शेजारी शेजारी असू शकतात, आणि तिथे फळावर विसंबणारा फसतो. बेलाचे पान त्रिदळ, हे सांगायला नको. कवठाचे पान पाच-सात पर्णिकांचे, मधल्या दांड्याला बारीक पंख, चुरगळल्यावर बडीशेपेसारखा वास, आणि फळावर पांढरट खरखरीत थर. कैलाशपतीची फळे तोफेच्या गोळ्यांसारखी तपकिरी, खोडातून फुटलेल्या वेड्यावाकड्या फांद्यांवर लोंबणारी. त्याच फांद्यांवर गुलाबी-केशरी सुगंधी फुले असतात, त्यांतल्या पुंकेसरांचा फणा पिंडीवर धरलेल्या नागासारखा दिसतो. म्हणूनच दक्षिण अमेरिकेतून आलेले हे झाड शिवमंदिरांच्या आवारात इतके मानाने वाढले. पिकलेले फळ फुटले की असह्य दुर्गंधी येते आणि पांढरा गर हवेने निळसर पडतो. ते खाण्यासाठी नाही. चौथे झाड कलाबाश, ज्याला काही जण कमंडलूचे झाड म्हणतात. पाने फांदीवर ठिकठिकाणी झुबक्यांनी चिकटलेली, फळ हिरवे, तुकतुकीत, फुटबॉलसारखे. मध्य अमेरिकेत त्याच्या वाळलेल्या कवचाची भांडी आणि खुळखुळे करतात.

जाम-जांभळांचे गोत ओळखायला पाने समोरासमोर, काठाकाठाने धावणारी शीर आणि पुंकेसरांचा पुंजका एवढे पुरते. आतला फरक फुलात पाहावा. गुलाबजामाचे पान लांब, भाल्यासारखे, पुंकेसर पांढरट, फळात बी सुटे असल्यामुळे हलवल्यावर वाजते आणि गराला खरोखर गुलाबपाण्याचा वास येतो. मलाक्का जामाचे पुंकेसर भडक गुलाबी. ते गळतात तेव्हा झाडाखाली गालिचा पसरतो, आणि असा गालिचा दिसला तर वर पाहण्याचीही गरज नाही. नेहमीचा पांढरा किंवा गुलाबी, उलट्या पेअरसारखा जाम बाजारात मिळतोच.

सीताफळाच्या भाईबंदांची नावे रामायणातून आली आणि गावागणिक बदलली. रामफळाचे पान अरुंद व लांब, फळ हिवाळा सरता पिकणारे. ज्याला कुठे लक्ष्मणफळ आणि कुठे हनुमानफळ म्हणतात, त्या मऊ काट्यांच्या मोठ्या हिरव्या फळाचे पान जाड, चकचकीत, उग्र वासाचे. त्याची फुले जुन्या फांद्यांवर आणि खोडावरही येतात. या झाडाची पाने कर्करोगावर चालतात, या समजुतीने सार्वजनिक बागांतली झाडे ओरबाडली जातात. माणसांवरच्या चाचण्यांत तसे काही सिद्ध झालेले नाही. उलट कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर, या कुळातली फळे आणि पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत कंपवातासारख्या विकाराचे प्रमाण जास्त असल्याचे संशोधकांना दिसले.

आता धोक्याच्या झाडांविषयी. कोकणातला काजरा पिकला की त्याची फळे हुबेहूब छोट्या संत्र्यांसारखी दिसतात, आणि त्यांतल्या बटणासारख्या चपट्या बियांत स्ट्रिकनीन हे जहाल विष असते. पान तोडून पाहिले तर गफलत होत नाही: काजऱ्याची पाने समोरासमोर असतात आणि देठापासूनच तीन ते पाच ठळक शिरा निघतात. संत्र्याचा वास नाही, ठिपके नाहीत. खाडीकाठचा सुकाणू त्याहून फसवा. फळ कच्च्या आंब्यासारखे, पान आंब्यासारखे, चीक पांढरा, फूल चाफ्याच्या वळणाचे आणि बी हृदयाचे ठोके थांबवणारी. हे झाड शोभेसाठीही लावतात. बागेच्या कुंपणाला असलेला पिवळा कण्हेर त्याच कुळातला आणि तेवढाच घातक. त्याच्या बिट्ट्यांशी खेळण्यापासून मुलांना लांब ठेवावे. मोगली एरंडाच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात. पक्षी खातात ते माणसाला चालते, हा समज या सगळ्यांच्या मुळाशी आहे आणि तो साफ चुकीचा आहे. काजऱ्याचा गर धनेश खातात. कायगेलिया या झाडाची दोरीला टांगलेल्या दुधी भोपळ्यांसारखी फळे आफ्रिकेत माकडे फोडतात, माणसाला मात्र ती कच्ची विषारी ठरतात. शिवाय काही किलोंचे ते फळ डोक्यावर पडण्याची भीती वेगळीच.

ओळख पक्की करायची तर नुसत्या फळाचे छायाचित्र पुरत नाही. पूर्ण झाड, खोडाची साल, पानाची वरची आणि खालची बाजू, पाने फांदीला कशी जोडली आहेत ते, फूल असल्यास बाजूने आणि समोरून, फळ असल्यास देठासह, अशी छायाचित्रे हवीत, आणि मापासाठी शेजारी पट्टी किंवा नाणे. आयनॅचरलिस्ट, प्लांटनेट अशी मोबाइल अ‍ॅप नाव सुचवतात. कुळापर्यंत पोहोचायला ती उपयोगी आहेत, पण खाण्याचा निर्णय त्यांच्या भरवशावर घेऊ नये. सुचलेले नाव पुस्तकातल्या वर्णनाशी ताडून पाहावे. प्रा. श्री. द. महाजन यांची देशी आणि विदेशी वृक्षांवरची मराठी पुस्तके सर्वसामान्य वाचकाला पेलणारी आहेत. खोलात जायचे असेल तर थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा कोश अजूनही हाताशी ठेवावा असा आहे, मात्र त्यातली शास्त्रीय नावे पुष्कळ ठिकाणी बदलली आहेत.

झाड ओळखले की ते सरकारी नोंदीतही त्याच नावाने आहे का, हे पाहण्यासारखे असते. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ पासून आहे, त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाने ठरावीक काळाने वृक्षगणना करायची असते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना प्राचीन वृक्षाचा दर्जा दिला. मुंबईच्या गेल्या गणनेत सुमारे २९.७५ लाख झाडे मोजली गेली. एवढ्या मोठ्या मोजणीत एखादी खिरणी बकुळ म्हणून आणि एखादी कोवळी गोरखचिंच सावर म्हणून लिहिली जाणे अगदी शक्य आहे. नाव चुकले की तोडीच्या अर्जावर विचार करणाऱ्यालाही त्या झाडाचे मोल कळत नाही. अशी चूक सापडली तर छायाचित्रे आणि जागेच्या नेमक्या खुणेसह उद्यान विभागाला लेखी कळवावे.

शंका तरीही उरली तर शेवटचा मार्ग वनस्पती संग्रहालयाचा. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातले ब्लॅटर हर्बेरियम आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र व आघारकर संशोधन संस्था इथे वाळवलेल्या नमुन्यांचे मोठे संग्रह आहेत. बागेच्या परवानगीने फुला-फळासह एक डहाळी घ्यावी, वर्तमानपत्राच्या घडीत पसरून वजनाखाली दाबावी, कागद रोज बदलावा. एखादे पान मुद्दाम उलटे ठेवावे म्हणजे दोन्ही बाजू दिसतील. सोबतच्या चिठ्ठीवर जागा, तारीख, झाडाची उंची, चिकाचा आणि फुलाचा रंग लिहावा. नमुना वाळला की रंग उडतो आणि चिकाचा मागमूस राहत नाही, त्यामुळे ही चिठ्ठी डहाळीइतकीच मोलाची ठरते. पावसाळ्यात कागद बदलण्यात एका दिवसाचीही हयगय झाली तर बुरशी धरते.